ताईचा चढा आवाज

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या गल्लीत 'तोफ' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, तेवढी छाती कोणाची नव्हती. पण समोरचा न्हावी म्हणायचा, पलीकडची शिंपीण म्हणायची, आणि तिची सासू तर आल्या-गेल्याला हसत हसत सांगायची, "आमची तोफ वर आहे, बोलवू का?"

ताईचं आणि भावोजींचं गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानात एका वेळी दोन गाड्या जेमतेम मावतात. भिंतीला प्लायवूडच्या फळ्या टेकवलेल्या, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि डिंकाचा वास असा की नवखं गिऱ्हाईक दारातच शिंकतं. दोघं तंत्रशाळेत एकाच वर्गात रेडिओ दुरुस्ती शिकली. तिथंच जमलं, लग्न झालं, दुकान निघालं. वायरिंग आणि मशीन जुळवणं ताईकडे, लाकडाची खोकी आणि गिऱ्हाईक भावोजींकडे.

ती जेवायला हाक मारायची, तीसुद्धा ऐकण्यासारखी असायची. पहिल्यांदा, "अहो, ताट वाढलंय." मग, "अहो!" आणि तिसऱ्यांदा अशी काही हाक यायची की न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक मान आवरून धरायचं. मग भावोजी सावकाश वर बघायचे, हसायचे आणि हात धुवायला जायचे. सगळी गल्ली हळहळायची. काय शांत माणूस! एवढी बायको बोलते, पण कधी उलट शब्द नाही. सासूबाई म्हणायच्या, "माझा लेक गायीसारखा, आणि पदरात पडली वाघीण."

मला हे ऐकून चीड यायची, कारण मी ताईला लहानपणापासून ओळखते. शाळेत हजेरीच्या वेळी ती 'हजर' म्हणायची ते बाईंच्या टेबलापर्यंत पोचायचं नाही, म्हणून वर्गात बसून तिची गैरहजेरी लागायची. आईला शाळेत जाऊन सांगावं लागलं होतं, की बाई, माझी मुलगी रोज येते हो, तिचा आवाजच तेवढा आहे. त्या मुलीची तोफ कशी झाली हे आमच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "संसारानं बाई बदलते," म्हणायची.

या सगळ्यात सर्वांत वाईट झालं ते भाचीचं. ती बारावी झाली तेव्हा घरापासून चालत जाता येईल असं कॉलेज होतं. तिनं ते सोडून लांबच्या शहरातलं घेतलं, वसतिगृहात राहायचं ठरवलं. ताईनं कारण विचारलं. पोरगी बॅग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मला अशा खोलीत राहायचंय जिथं कोणी ओरडत नाही."

ताई उठली. खाली गेली, करवत घेतली आणि संध्याकाळपर्यंत फळ्या कापत बसली. कोणाच्या गाडीसाठी कापत होती कुणास ठाऊक. भावोजी पोरीच्या बॅगेशेजारी उभे होते. त्यांनी पट्टा आवळून दिला, चेन लावून दिली. तोंडातून मात्र एक अक्षर काढलं नाही. तेव्हा मला वाटलं, बिचारे, काय बोलणार.

यानंतरची गोष्ट त्या मोजणीच्या यंत्राची.

या धंद्यात एक खूळ आहे. कोणाची गाडी जास्त मोठ्यानं वाजते, याच्या शर्यती लागतात. मागच्या सीट काढून तिथं स्पीकर भरतात, बॅटऱ्यांवर बॅटऱ्या बसवतात, आणि मोकळ्या मैदानावर दारं बंद करून वाजवतात. या शर्यती भरवायचा काचवाला. त्याचं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे, आणि आवाजाच्या धक्क्यानं पुढची काच तडकते. तेव्हा शर्यत कोणीही जिंको, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक काचवाल्याकडेच. लोक हसत, पण तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

आतापर्यंत निकाल कानानं लागायचा. दोन पंच गाडीजवळ उभे राहायचे आणि सांगायचे. मागच्या खेपेला निकालावरून मारामारी झाली, एका पंचाचा दात पडला. म्हणून काचवाल्यानं कॉम्प्युटरला जोडायचा मोजणीचा संच मागवला आणि खोकं आणून ताईच्या टेबलावर ठेवलं.

"वहिनी, हे तुम्हीच लावायचं. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"इथं एवढे पुरुष आहेत शर्यतीतले. मीच का?"

"एक तर तुम्ही शिकलेल्या आहात," काचवाला म्हणाला, "आणि दुसरं, तुम्ही आकडा सांगितला की भांडायची कोणाची टाप नाही."

भावोजी हसले. ताईनं दोघांकडे असं बघितलं की काचवाल्यानं चहा अर्धा सोडून काढता पाय घेतला.

मी औषधाच्या दुकानात काम करते, रविवारी सुट्टी असते. त्या रविवारी ताईनं मला मदतीला बोलावलं. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आत भावोजींची पांढरी व्हॅन उभी होती. शर्यतीची गाडी ती. मागं बसायला जागाच नाही, नुसते स्पीकर. ताईनं खोक्यातल्या वस्तू एकेक करून कापडावर मांडल्या. बोटाएवढा सेन्सर, म्हणजे आवाजाचा दाब पकडणारा माईक. त्याची पातळ वायर. डब्याएवढं एक यंत्र, ते पुढे लॅपटॉपला जोडायचं. आणि एक छोटी नळकांडी. ती सेन्सरवर टोपीसारखी बसते आणि ठरलेल्या जोराचीच शिटी वाजवते. त्या शिटीचा आकडा आधीपासून माहीत असतो. लॅपटॉपवर तोच आकडा आला तर मोजणी खरी, नाही तर यंत्राला ताळ्यावर आणायचं.

पहिला तासभर नुसती चिडचिड. लॅपटॉपला डबा दिसेना. ताईनं वायर काढली, दुसऱ्या खाचेत घातली, लॅपटॉप बंद केला, चालू केला, आणि ज्यानं हे बनवलं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मग डबा दिसला. सेन्सर पुढच्या काचेला आतून चिकटवायचा होता, पण त्याची रबरी वाटी काचेला धरेना. दर वेळी सुटून डॅशबोर्डवर पडायची. ताईनं काच स्पिरिटनं पुसली, वाटी तोंडाच्या वाफेनं ओली केली आणि अंगठ्यानं अशी दाबली की आता काचच निघते की काय असं मला वाटलं. वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली. दार लावलं तरी ती चेपू नये म्हणून तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळली. पंखा बंद केला, कारण पंख्याचाही आवाज मोजला जात होता. रस्त्यावरून स्कूटर गेली की लॅपटॉपवरची रेघ उडी मारायची आणि ताई रस्त्याच्या दिशेनं शिवी घालायची.

शेवटी नळकांडीची शिटी आणि लॅपटॉपवरचा आकडा जुळले. मग तिनं व्हॅनमध्ये खर्जातला सूर लावला. माझ्या छातीत धडधडलं, टपाचा पत्रा थरथरला, आकडा झरझर वर चढला. भावोजींचा चेहरा फुलला. "बघ," ते म्हणाले, "काय आवाज आहे!"

"आता खालपासून वरपर्यंत फिरवून बघते," ताई म्हणाली. "सेन्सर सगळे सूर नीट पकडतोय ना, ते कळेल."

तिनं दार उघडं ठेवलं, आवाज कमी केला आणि सूर खालून वर न्यायला लागली. आधी घूं, मग हूं, मग माणसाच्या शिळेसारखा, मग त्याहून बारीक. इतका बारीक, की मी कानात बोटं घातली. लॅपटॉपवरची रेघ सरळ पुढं चालली होती.

"थांब," भावोजी म्हणाले. "बंद पडलं."

"काय बंद पडलं?"

"आवाज. आणि ही रेघ बघ, अजून वरच आहे. आवाज नाही आणि आकडा आहे! तुझा सेन्सर खोटारडा आहे."

ताईचं डोकं फिरलं. सकाळपासून घाम गाळून लावलेलं यंत्र खोटं निघालं तर कोणाचंही फिरेल. तिनं परत सगळं सोडवलं. वायर बदलली, डबा पुन्हा पहिल्या खाचेत घातला, नळकांडी लावून आकडा पुन्हा तपासला. बरोबर होता. परत सूर खालून वर. आणि परत बरोबर त्याच जागी भावोजी म्हणाले, "हे बघ, इथं बंद होतं."

ताई माझ्याकडे वळली. "तुला येतोय का गं ऐकू?"

"म्हणजे काय! कान किटले माझे."

तिनं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. भावोजी पाठमोरे होऊन पान्हे फडक्यानं पुसायला लागले होते. ताई उठली, त्यांच्या मागं दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "अहो, पोरीचा फोन आलाय. ती आजारी आहे."

भावोजी पान्हा पुसत राहिले.

ताई पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात, "अहो, दुकानाला आग लागलीय." ते पान्हा उजेडात धरून बघत होते, त्याला डाग राहिलाय का म्हणून.

ताई फिरून त्यांच्या समोर गेली आणि त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

"येतं की! जरा कानाला दडा बसलाय. सर्दीनं."

"मी आत्ता मागं काय बोलले?"

ते माझ्याकडे बघायला लागले, जणू मी उत्तर पुरवणार होते. मी खाली बघितलं. मग ते स्टुलावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज स्पीकरजवळ बसून झालंय म्हणाले. बारीक आवाज गेलेत. खर्ज येतो. बोलणं अर्धंमुर्धं येतं, बाकीचं तोंडावरून समजून घेतो."

"कधी सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

"पोरगी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा."

ताईनं फडकं टेबलावर टाकलं. मग विचारलं, "आणि मला का नाही सांगितलंत?"

"धंदा आवाजाचा आहे. बहिऱ्याकडे कोण गाडी लावेल?"

"मी गिऱ्हाईक आहे का तुमचं?"

"तसं नाही गं. तू आपणहूनच मोठ्यानं बोलायला लागलीस. मला ऐकू यायचं. मला वाटलं, चाललंय की."

"चाललंय?"

इथपर्यंत ती अहो-जाहो करत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, कितीही भांडली तरी तिनं ते सोडलं नव्हतं. आता सोडलं.

"चाललंय? तुझं चाललंय! तुला हाक ऐकू जात नव्हती म्हणून मी दुसरी मारत होते, तिसरी मारत होते. मला वाटायचं, हा माणूस मला मोजतच नाही. मुद्दाम गप्प बसतो. आणि तू वर बघून हसायचास! सगळ्या गल्लीपुढं हसायचास! घसा माझा फाटला, नाव माझं गेलं, आणि शांत माणूस कोण? तू! तुझी आई मला वाघीण म्हणते, ते तरी ऐकू येतं का तुला? का तेही बारीक आहे?"

शटरखालून शेजाऱ्यांचे पाय दिसायला लागले होते. शिंपिणीच्या चपला मी ओळखल्या. बाहेरून कोणी तरी म्हणालं, "सुरू झाली बघा."

ताईनं ते ऐकलं, आणि मधेच तोडल्यासारखी गप्प झाली. तिला शिव्या द्यायच्या असल्या तरी ओरडूनच द्यायला लागत होत्या, आणि ओरडली की पुन्हा तीच वाईट. हे तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं. ती भावोजींच्या अगदी पुढ्यात उकिडवी बसली. त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. आणि इतक्या हळू बोलली की मलाही कान द्यावा लागला.

"माझ्या तोंडाकडे बघ. यापुढे मी तुझ्यासाठी आवाज चढवणार नाही. मला काय म्हणायचंय ते हवं असेल तर तू उठून माझ्यासमोर यायचं. कळलं?"

त्यांनी मान हलवली.

"पोरगी घर सोडून गेली. का गेली ते तुला माहीत होतं. तिच्या बॅगेची चेन लावत उभा होतास. तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर ती कदाचित गेली नसती. बोलला असतास का?"

"माझी हिंमत झाली नाही."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही सगळ्यांनी. आता तिला फोन लाव आणि सांग."

"फोनवर मला नीट..."

"माहीत आहे. म्हणूनच दर वेळी 'तूच बोल' म्हणून फोन माझ्या हातात कोंबायचास. मग बसनं जा. तोंडानं सांग."

"शर्यत झाली की जातो."

"शर्यत गेली खड्ड्यात. उद्या जायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बरोबर जा. नाही तर हा स्टँडवर बसून परत येईल आणि सांगेल, भेटून आलो."

मी रजा टाकली. बसमध्ये भावोजी खिडकीशी बसले होते. मी एकदोनदा बोलायचा प्रयत्न केला, मग लक्षात आलं की बसच्या घरघरीत त्यांना काहीच कळत नाहीये. ते नुसते मान डोलवत होते. आजवर माझ्या किती बोलण्याला त्यांनी नुसती मान डोलवली असेल, या विचारानं मलाही राग यायला लागला.

वसतिगृहाच्या भेटायच्या खोलीत लोखंडी खुर्च्या होत्या. पोरगी धावत आली. तिला वाटलं, कोणी तरी गेलं. भावोजींनी तिला बसवलं आणि सांगायला लागले. नीट सांगता येईना. डॉक्टर, स्पीकर, धंदा, असं काहीबाही मागंपुढं होत होतं. शेवटी म्हणाले, "तुझी आई ओरडायची ते माझ्यामुळं. मला ऐकू येत नव्हतं. तिला माहीत नव्हतं. मला होतं."

पोरीनं खुर्ची पुढं ओढली. मग त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्ही तुमचे कान लपवलेत, बाबा. आईचं ओरडणं नाही लपवलंत. ते सगळ्यांना ऐकू दिलंत."

भावोजी रडले. तिनं त्यांचे डोळे पुसले नाहीत. मला विचारलं, "मावशी, आई काय करतेय?"

"मोजणीचं यंत्र लावतेय. शर्यतीचं."

"मी येते शनिवारी," ती म्हणाली आणि उठून गेली. आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. परतीच्या बसमध्ये भावोजी एकदाच बोलले. "आईवर गेलीय," म्हणाले.

घरी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंसं कमी ऐकू येतं, त्याचा केवढा बोभाटा!" ताईनं त्यांच्या ताटात पोळी वाढली आणि लॅपटॉप घेऊन खाली गेली.

शर्यत शनिवारी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात होती. ताडपत्रीखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि डबा, आणि तिथून जमिनीवरून गाडीपर्यंत गेलेली वायर. कोणी पाय मारू नये म्हणून ताईनं तिच्यावर फळ्या टाकल्या होत्या. भाची सकाळीच आली होती. मायलेकी एकमेकींशी फार बोलल्या नाहीत. पोरीनं वायरचं दुसरं टोक धरलं आणि कामाला लागली. प्रत्येक गाडीला सेन्सर काचेच्या त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच उंचीवर लावायचा होता. ताईनं त्यासाठी पुठ्ठ्याचं माप कापून घेतलं होतं. पुठ्ठा भाचीच्या हातात होता.

पहिल्या गाडीत दोन तरुण बसले, मध्ये त्यांचा मित्र मोबाइलवर फिल्म काढायला. ताई उठली.

"आत कोणी बसायचं नाही. बाहेरून वाजवायचं. आणि मैदानात ज्याच्या कानात बोळे नाहीत त्याची गाडी मी मोजणार नाही."

काचवाला पळत आला. "वहिनी, असा नियम नव्हता. आत बसण्यातच तर मजा आहे! लोक त्यासाठीच येतात."

"मग तुम्ही मोजा." तिनं लॅपटॉपची वायर उपटली.

"अहो, रागावू नका. उगाच आवाज कशाला चढवताय?"

"मी आवाज चढवलेला नाही," ताई म्हणाली. आणि खरंच चढवलेला नव्हता. काचवाला गोंधळून आजूबाजूला बघायला लागला. लोक जमले. कोणी म्हणालं, बाईमाणसाला कशाला बसवलं इथं. कोणी म्हणालं, आम्ही वर्षानुवर्षं आत बसतोय, आम्हाला काय धाड भरलीय? ताई वायर गुंडाळत होती. तिच्या कपाळाची शीर उडत होती.

भावोजी आपल्या व्हॅनजवळ उभे होते. ताईनं त्यांना काही करायला सांगितलं नव्हतं. बघितलंसुद्धा नव्हतं. ते चालत टेबलापाशी आले. त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यानं ते गरजेपेक्षा मोठ्यानं बोलले, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"मी बहिरा आहे. आत बसून बसून झालोय. तुम्ही आत्ता काय ओरडत होता त्यातलं मला निम्मं कळलेलं नाही. ती काय म्हणाली ते मात्र मला माहीत आहे. तिचं ऐका."

कोणी हसलं. कोणाला ती थट्टाच वाटली. मग एक जुनं गिऱ्हाईक, आदल्याच महिन्यात भावोजींकडून गाडी करून घेतलेलं, म्हणालं, "म्हणजे माझ्या गाडीचा आवाज तुम्ही न ऐकताच जुळवलात?"

"जुळवला हिनं," भावोजी म्हणाले. "मी फक्त खोकं बनवलं."

तो माणूस गाडीत बसून तडक निघून गेला. त्याच्या मागोमाग आणखी काही गाड्या गेल्या. बाकीच्यांनी काचवाल्याकडे बघितलं. काचवाल्यानं डोकं खाजवलं आणि कोणाला तरी औषधाच्या दुकानाकडे कानाचे बोळे आणायला पिटाळलं. ताईनं वायर परत जोडली, नळकांडी लावून आकडा तपासला आणि पुठ्ठा घेतलेल्या लेकीला खूण केली. दिवसभर मोजणी झाली. निकालावरून दोघं भांडले, पण दात कोणाचा पडला नाही. भावोजींची व्हॅन निकालात मधेच कुठं तरी आली.

दुकानाचं नुकसान झालं ते झालंच. 'बहिऱ्याचं दुकान' असं नाव पडलं, काही दिवस शटरसमोर गाडीच थांबेना. मग हळूहळू लोक यायला लागले, कारण आता ताई प्रत्येक गाडी यंत्र लावून जुळवते आणि मोजलेली रेघ गिऱ्हाइकाला दाखवते. भावोजी खोकी बनवतात. ताई बोलली तेच तिनं पाळलं. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला असले तरी त्यांना उठून तिच्यासमोर यावं लागतं. ती काय म्हणाली हे विचारायला ते दिवसातून कितीदा तरी ये-जा करतात. गल्लीला वाटलं, दोघांनी बोलणं टाकलं. शिंपीण मला विचारत होती, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, आधीपेक्षा ठीक आहे.

कानाचं मशीन आणायला भावोजींनी बरीच टाळाटाळ केली, शेवटी भाचीनंच सुट्टीत नेऊन बसवून आणलं. त्या दिवशी मी तिथं होते. ते मशीन लावून वर आले, ताई भांडी लावत होती. तिनं विचारलं, "दुखतंय का?" ते दारातच थांबले.

"तुझा आवाज किती बारीक आहे गं," ते म्हणाले. त्यांना ते प्रेमानंच म्हणायचं होतं.

ताईनं हातातलं पातेलं ओट्यावर असं आदळलं की भावोजींनी दोन्ही हात कानांवर घेतले. ती मला ओलांडून जिना उतरून खाली गेली. मी मागोमाग गेले. ती व्हॅनच्या बॉनेटपाशी उभी होती, डोळे कोरडे, चेहरा लालबुंद.

"आता कळलं याला," ती म्हणाली. "आता! आपल्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की संसारानं तिची मुलगी बदलली. तिला काय सांगू मी आता? कुठं जाऊन सांगू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला, मग पुन्हा ठेवू दिला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. भाची सुट्टीला घरी येते, आली की दुकानात बसते. सासूबाई तोफ म्हणायचं विसरलेल्या नाहीत, पण आता दार लावून म्हणतात. गेल्या रविवारी मी गेले होते. भावोजी एका गाडीच्या डिकीत अर्धे आत शिरून खोकं बसवत होते. मी ताईला हळूच विचारलं, "माफ केलंस का त्यांना?"

"नाही," ताई म्हणाली. "आणि मला घाईही नाही." मग गाडीचं बॉनेट उघडून ती बॅटरीची वायर सोडवायला वाकली.